घनफळ शिकवताना: ठोकळ्यांपासून घरच्या हौदापर्यंत

पाचवी-सहावीतल्या मुलाला डब्याचं घनफळ कसं काढायचं असं विचारलं तर ते चटकन म्हणतं, ‘लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची’. मग विचारा: गुणायचंच का, बेरीज का नाही? इथे बहुतेक मुलं थबकतात. सूत्र पाठ झालेलं असतं, पण त्यातून नेमकं काय मोजलं जातं ते कधी हाताखालून गेलेलं नसतं. अशी मुलं आठवीत वृत्तचितीपर्यंत कशीबशी निभावून नेतात, नववीत शंकूचा एक-तृतीयांश घोकतात आणि दहावीत अर्धगोलावर शंकू बसवलेलं खेळणं आलं की पेन खाली ठेवतात.

हे टाळायचं तर एक गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवावी: घनफळ म्हणजे थर मोजणं. एका थरात किती मावतं आणि असे थर किती. बुटांचं खोकं असो, तेलाचं पिंप असो की गच्चीवरची टाकी असो, प्रश्न हाच. शंकू आणि गोल यांचे थर सारखे नसतात, म्हणून ते वेगळे. पण तेही सारख्या थरांच्या आकाराशी ताडून पाहिले तरच कळतात.

खालचा क्रम इंदूरच्या मराठी घरांत मुलांना शिकवायला बसणाऱ्या आई-वडिलांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि नव्यानं शिकवणी घेऊ लागलेल्या ताई-दादांसाठी आहे. एका बैठकीला पाऊण तास पुरे. चौथी-पाचवीच्या मुलाबरोबर लिटरच्या डब्यापर्यंत थांबावं. वृत्तचिती साधारण आठवीत येते, शंकू आणि गोल नववीत, जोडलेल्या आकृत्या दहावीत.

आधी शब्दांची सोय

आपल्याकडे घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. घरी घनफळ, इष्टिकाचिती, वृत्तचिती आणि पृष्ठफळ. हिंदी माध्यमाच्या वहीत आयतन, घनाभ, बेलन आणि पृष्ठीय क्षेत्रफल. इंग्रजी माध्यमात व्हॉल्यूम, क्यूबॉइड, सिलिंडर, सरफेस एरिया. वहीच्या पहिल्या पानावर या जोड्या एकदा लिहून घ्या. समजावताना घरचा शब्द, उत्तर लिहिताना शाळेचा. हिंदीतले घन आणि घनाभ मुलं घाईत एकच समजतात, तेवढं पहिल्याच दिवशी ठोकळे हातात देऊन वेगळं करावं: सगळ्या कडा सारख्या तो घन, नसतील तर घनाभ.

सामान

एक सेंटीमीटर कडेचे ठोकळे सगळ्यांत महत्त्वाचे. दशमान ठोकळ्यांच्या संचात सुटे एकक, दहाची कांडी, शंभरची पाटी आणि हजारचा मोठा ठोकळा मिळतो. खजुरी बाजारात पुस्तकं-स्टेशनरीच्या दुकानांतून चौकशी करावी. घेताना दहा सुटे ठोकळे ओळीत लावून पट्टीवर ठेवा. ओळ बरोबर १० सेमी भरली पाहिजे. कडा सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर पुढे लिटरशी मेळ बसत नाही. ठोकळे नसतील तर लुडोचे फासे चालतात, पण मग एकक ‘एक फासा’ म्हणायचं, घन सेंटीमीटर नाही. साखरेचे चौकोनी तुकडे टाळा. कोपरे झडतात आणि मुंग्या येतात.

याशिवाय एक सेंटीमीटर चौकटींचा कागद, जाड कार्डशीट, फेविकॉल, सेलोटेप, कंपास, कोनमापक, औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलीची सिरिंज, स्वयंपाकातला अर्ध्या लिटरचा मापाचा जग, आणि सांडलेलं गोळा करायला एक परात.

भरून मोजायला काय वापरता यावर निकाल ठरतो. रवा दबतो, पहिल्या वेळी भुसभुशीत भरला जातो, तिसऱ्या वेळी ठोकला जातो आणि हिशेब चुकतो. साबुदाण्याच्या दाण्यांत फटी राहतात. कोरडी, चाळलेली बारीक वाळू उत्तम, नाहीतर राई. प्रत्येक वेळी काठोकाठ भरून वरून पट्टी फिरवायची. शीग ठेवली तर प्रयोग फसलाच.

प्लास्टिकच्या पट्टीचं शून्य अगदी काठावर नसतं, दोन-चार मिलिमीटर आत असतं. डब्याची खोली मोजायला मूल पट्टी आत उभी करतं तेव्हा वाचन तेवढं कमी येतं. त्यापेक्षा कागदाची पट्टी आत उभी करून काठाशी खूण करा आणि मग ती पट्टी टेबलावर मोजा.

पहिलं काम: ठोकळे मांडणं, सूत्र अजिबात नाही

मुलाला ३० ठोकळे द्या. ४ लांब आणि ३ रुंद असा एक थर मांडायला सांगा. किती लागले? १२. त्यावर तसाच दुसरा थर. आता किती? मूल एक-एक करून मोजेल, मोजू द्या. मग ५ बाय २ चे तीन थर, ३ बाय ३ चे दोन थर. तीन-चार मांडण्यांनंतर ते आपण होऊन एक थर मोजतं आणि थरांच्या संख्येनं गुणतं. तोवर ‘लांबी गुणिले रुंदी’ हे शब्द शिकवणाऱ्याच्या तोंडून निघू नयेत. सूत्र आधी सांगितलं की मूल ठोकळ्यांकडे पाहायचंच थांबतं.

पुढची पायरी फार मोलाची आहे. कार्डशीटचं ६ × ४ × ३ सेमीचं उघडं खोकं करा आणि मुलाला फक्त ११ ठोकळे द्या. लांबीच्या कडेनं ६ ठेवायचे, त्याच कोपऱ्यातून रुंदीच्या दिशेनं ३ आणखी, आणि कोपऱ्यावर उभे २ आणखी. ठोकळे संपले. आता विचारा, पूर्ण भरायला किती लागतील? बरोबर उत्तर ७२. पुष्कळ मुलं ३६ सांगतात. कोपऱ्यातला ठोकळा लांबीत मोजून झाला म्हणून त्यांनी रुंदी ३ आणि उंची २ धरलेली असते. तो एकच ठोकळा तिन्ही दिशांना मोजला जातो, हे बोट ठेवून दाखवायचं.

चित्रात पाहताना होणाऱ्या चुका

ठोकळ्यांवरून चित्राकडे जाताना मुलं सर्वांत जास्त अडखळतात, आणि पुस्तकं नेमकं तिथूनच सुरू होतात. ४ × ३ × २ च्या रचनेचं तिरकं चित्र काढून ‘यात किती ठोकळे?’ असं विचारा. चुकीच्या उत्तरावर लगेच काट मारू नका, कारण कुठलं चुकीचं उत्तर आलं त्यावरून चूक कुठे झाली ते कळतं.

उत्तर २६ आलं, तर मुलानं दिसणारे चौकोन मोजले: वरचे १२, समोरचे ८, बाजूचे ६. उत्तर ५२ आलं तर त्यानं मागचे आणि खालचेही चौकोन धरले, म्हणजे पृष्ठफळ काढलं. १८ आलं तर फक्त दिसणारे ठोकळे मोजले, आत आणि मागे दडलेले ६ राहून गेले. ९ आलं तर तिन्ही मापांची बेरीज केली. २६ किंवा ५२ सांगणाऱ्या मुलाला पुन्हा ठोकळे मांडायला लावा आणि कोपऱ्यातला एक ठोकळा उचलून विचारा, ‘याचे किती चौकोन तू मोजलेस?’ तीन मोजले असतील तर एकाच ठोकळ्याला तीनदा धरलं, हे त्याला स्वतःलाच दिसतं. १८ वाल्याला चित्राप्रमाणे रचना करायला लावून वरचा थर बाजूला काढायला सांगा. ९ वाल्याला मात्र चित्रापासून मागे नेऊन खोक्याच्या कामावर परत आणावं लागतं. त्याची थराची कल्पनाच अजून बसलेली नाही.

घनफळ तेच, आकार वेगळा

२४ ठोकळ्यांचे किती वेगवेगळे डबे होतात? मुलाला शोधू द्या आणि कोष्टक लिहायला लावा. सहा होतात: १×१×२४, १×२×१२, १×३×८, १×४×६, २×२×६ आणि २×३×४. घनफळ सगळ्यांचं २४ घन सेमी. त्यांना चिकटवायला लागणारा कागद मात्र अनुक्रमे ९८, ७६, ७०, ६८, ५६ आणि ५२ चौरस सेमी. घनफळ आणि पृष्ठफळ यांतला गोंधळ इथे जेवढा निवळतो तेवढा व्याख्या सांगून निवळत नाही.

सातवी-आठवीच्या मुलासाठी उलटी बाजूही करावी. २० सेमी बाजूचा चौरस कागद घ्या, चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापा आणि बाजू उचलून उघडं खोकं करा. कोपरा १ सेमीचा कापला तर घनफळ १८ × १८ × १ = ३२४ घन सेमी. २ सेमीला ५१२, ३ ला ५८८, ४ ला ५७६, ५ ला ५०० आणि ६ ला ३८४. कागद तोच असताना घनफळ चढतं आणि उतरतं. साडेतीन सेमीला किती येईल, असं विचारून मुलाला शिखराच्या जवळ जाऊ द्या. १३ × १३ × ३.५ = ५९१.५ येतं, म्हणजे ३ आणि ४ या दोन्हींपेक्षा जास्त. खरं शिखर ३.३३ सेमीला, सुमारे ५९२.६ घन सेमी.

लिटर, आणि मोठी एककं

कार्डशीटचे १० × १० सेमीचे पाच चौरस जोडून वरून उघडं खोकं करा, आत प्लास्टिकची पातळ पिशवी बसवा आणि सांची दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन रिकाम्या थैल्या पाण्यानं भरून ओता, किंवा जगानं मोजून एक लिटर ओता. खोकं काठोकाठ भरतं. म्हणजे १००० घन सेमी = १ लिटर, आणि १ मिली = १ घन सेमी. पाण्याच्या दाबानं भिंती फुगतात आणि लिटरपेक्षा जास्त मावतं, म्हणून चारही बाजूंना जाड पुस्तकं टेकवून मगच ओता. थैल्या वापरल्या तर त्या तोंडापर्यंत भरू नका. थैलीत दुधाच्या वर मोकळी जागा असते, ती भरली की माप वाढतं. शंका आली की जग खरा.

घनमीटर कागदावर समजत नाही. खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर दोन दिशांना आणि भिंतीवर उभी अशी एक-एक मीटरची खडूची रेघ काढा. लिटरचं खोकं कोपऱ्यात ठेवून विचारा, एका रेघेवर अशी किती बसतील? दहा. थरात शंभर, आणि थर दहा. म्हणून घनमीटरात १००० लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी म्हणजे एवढी जागा. हे पाहिलेलं मूल ‘१ घनमीटर = १०० घन सेमी’ ही चूक सहसा करत नाही. तरी परीक्षेच्या घाईत ती होतेच, म्हणून एक सवय लावा: मापं आधीच एका एककात आणायची, गुणाकार झाल्यावर बदलायची नाहीत. २ मीटर, ५० सेमी आणि ३० सेमी अशी मापं आली की पहिली ओळ ‘२०० सेमी, ५० सेमी, ३० सेमी’ हीच असावी.

वृत्तचिती

नवं काहीच नाही, फक्त थर गोल झाला. एकाच प्रकारची वीस नाणी एकावर एक ठेवा. तळाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. मग चळत तिरकी ढकला, पण उभी उंची मोजायला सांगा. उंची तीच, नाणी तीच, घनफळ तेच. तिरक्या आकृतीत तिरकी बाजू उंची म्हणून घ्यायची नाही, हे इथेच पक्कं होतं.

तळाची त्रिज्या काढताना मुलं व्यास तसाच सूत्रात घालतात आणि उत्तर चौपट येतं. मोजताना पट्टी डब्याच्या तोंडावर थोडी मागे-पुढे सरकवून सर्वांत मोठं वाचन घ्यावं, तोच व्यास. पायची (π) किंमत त्रिज्या ७ च्या पटीत असेल तर २२/७, नाहीतर ३.१४, प्रश्नात दिली असेल तर तीच.

दोन ए-फोर कागद घ्या, २९.७ × २१ सेमीचे. एक लांब बाजूनं गुंडाळा, एक आखूड बाजूनं, कडा एकमेकींवर न चढवता टेप लावा. परातीत बुटक्या नळीच्या आत उंच नळी उभी करून ती परमलनं (मुरमुऱ्यांनी) भरा आणि उंच नळी हळूच वर ओढा. बुटकी नळी पूर्ण भरत नाही. हिशेबानं बुटकीचं घनफळ सुमारे १४७४ घन सेमी आणि उंच नळीचं सुमारे १०४२. कागद सारखाच असूनही एवढा फरक, कारण त्रिज्येचा वर्ग होतो आणि उंचीचा होत नाही.

घरातली भांडी मोजायला काढाल तेव्हा एक काळजी घ्या. स्टीलचा पाणी प्यायचा पेला बहुधा वृत्तचिती नसतो. तो तळाशी निमुळता असतो. तोंड ७ सेमी, तळ ५ सेमी आणि खोली १० सेमी असलेला पेला तोंडाच्या मापानं वृत्तचिती धरला तर ३८५ मिली येतात. पाणी ओतून पाहिलं तर २८५ च्या आसपासच मावतं. तपेलीचा तळही कडेला गोलावलेला असतो. सुरुवातीला सरळ उभ्या बाजूंचा साखरेचा किंवा डाळीचा डबा घ्या. निमुळता पेला दहावीसाठी राखून ठेवावा, शंकूच्या छिन्नकाची (टोक कापलेल्या शंकूची) सुरुवात त्यानंच करता येते.

शंकू: तीन वेळा का?

हा प्रयोग अनेक ठिकाणी करतात आणि अनेक ठिकाणी फसतो. मापं चुकलेली असतात. नेमकी मापं अशी:

वृत्तचितीसाठी कार्डशीटची २९.३ सेमी लांब आणि ६ सेमी रुंद पट्टी कापा. १ सेमी कड एकमेकींवर चढवून चिकटवा. उरलेला परीघ २८.३ सेमी, म्हणजे त्रिज्या ४.५ सेमी. खाली कार्डशीटचा तळ चिकटवा.

शंकूची उंची ६ आणि त्रिज्या ४.५ हवी, तर तिरकी उंची ७.५ सेमी (४.५ चा वर्ग २०.२५, ६ चा वर्ग ३६, बेरीज ५६.२५). म्हणून कंपासात ७.५ सेमी घेऊन वर्तुळ काढा. त्यातला २१६ अंशांचा भाग लागतो, कारण ३६० × ४.५ ÷ ७.५ = २१६. एका कडेला चिकटवण्यासाठी १ सेमीची जास्त पट्टी ठेवून बाकीचं कापून टाका. जास्तीची पट्टी आत घालून चिकटवा.

आता शंकू वाळूनं सपाट भरून वृत्तचितीत ओता. तीन वेळांत ती भरली पाहिजे. साडेचार वेळा लागले, तर शंकूची तिरकी उंचीच ६ सेमी घेतली गेली. उभी उंची जेमतेम ४ सेमी राहिली. तीन शंकू ओतूनही थोडी जागा उरली, तर चिकटवायची पट्टी २१६ अंशांतूनच खर्च झाली. तिसरा शंकू पूर्ण रिकामा होण्याआधीच भरली, तर शंकू शीग लावून भरला जातोय. वाळूच्या वजनानं पातळ कागदाचा शंकू फुगतो, म्हणून वहीच्या कागदाचा करू नका.

ओतण्याआधी अंदाज विचारा. जवळजवळ प्रत्येक मूल ‘दोन वेळा’ म्हणतं, कारण त्रिकोण आयताच्या निम्मा असतो हे त्याला माहीत असतं. त्याला सांगा की इ.स. ४९९ च्या आर्यभटीयातही सूचीचं (पिरॅमिडसारख्या आकाराचं) घनफळ तळ गुणिले उंचीच्या निम्मं दिलेलं आहे, आणि ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं एक-तृतीयांश हे बरोबर माप दिलं. अंदाज चुकलेलं मूल हे ऐकून पुढच्या वेळी अंदाज सांगायला कचरत नाही.

ओतून पाहिल्यानं तीन दिसतं, पण ‘का’ ते कळत नाही. नववीच्या मुलाकडून त्यासाठी कागदाच्या तीन सूची करून घ्या. ६ सेमीचा चौरस काढा, कोपऱ्यांना क्रमानं अ, ब, क, ड नावं द्या. अब आणि अड या बाजूंवर बाहेरच्या अंगाला काटकोन त्रिकोण काढा, काटकोन अ पाशी, दुसरी बाजू ६ सेमी. बक वर काटकोन ब पाशी आणि डक वर काटकोन ड पाशी, दुसरी बाजू ८.५ सेमी. कडांना चिकटवायच्या पट्ट्या ठेवून कापा आणि दुमडा: टोक बरोबर अ च्या वर येतं. अशा तीन सूची फिरवून जुळवल्या की ६ सेमीचा घन तयार होतो. जुळत नसतील तर बहुधा ८.५ ची बाजू चुकीच्या कोपऱ्यावर काढलेली असते. ज्यांना हे हातानं जुळवता आलं त्यांना १/३ पुन्हा पाठ करावा लागत नाही.

गोल

टणक रबरी चेंडू घ्या. दोन जाड पुस्तकं दोन्ही बाजूंनी टेकवा आणि मधलं अंतर मोजा, तोच व्यास. डोळ्यानं अंदाजे पट्टी धरून चालत नाही: व्यास ६.६ सेमी असेल तर घनफळ सुमारे १५० घन सेमी, आणि चुकून ६.९ वाचला तर १७२. तीन मिलिमीटरची चूक तिनदा गुणली जाते.

मग पाण्यानं ताडून पाहा. जगात ३०० मिली पाणी घ्या, चेंडू बुडवा, पातळी किती वाढली ते वाचा. तरंगत असेल तर बारीक सळईनं दाबा. बोटानं दाबलं तर बोटाचंही घनफळ मोजलं जातं. टेनिसचा चेंडू नको, त्याची लव पाणी पिते. जगाच्या खुणा लांब-लांब असतील तर चेंडू बुडवल्यावरच्या पातळीला टेप लावा आणि चेंडू काढल्यावर त्याच वाढलेल्या खुणेपर्यंत सिरिंजनं पाणी भरत जा. किती सिरिंज लागल्या ते मोजा. वाचताना डोळे पाण्याच्या पातळीत. बटाटा, दगड, कुलूप, ज्यांना सूत्र नाही त्या सगळ्यांचं घनफळ याच रीतीनं निघतं.

सूत्र असं बसवावं: चेंडू नेमका मावेल अशी, चेंडूएवढ्याच उंचीची वृत्तचिती करा. तिचं घनफळ २ × पाय × त्रिज्येचा घन. चेंडू त्यातला दोन-तृतीयांश भाग व्यापतो, ही आर्किमिडीजची गोष्ट. दोनाचे दोन-तृतीयांश म्हणजे चार-तृतीयांश. सूत्रातला ४/३ असा येतो.

इथेच एक प्रश्न जरूर विचारा: मोतीचुराच्या लाडवाचा व्यास दुप्पट केला तर किती लहान लाडवांएवढा ऐवज लागेल? ‘दोन’ आणि ‘चार’ ही उत्तरं येतील. दशमान ठोकळ्यांचा २ × २ × २ घन समोर ठेवा. आठ.

जोडलेल्या आकृत्या

अर्धगोलावर शंकू बसवलेलं खेळणं, त्रिज्या ३ सेमी, एकूण उंची ७ सेमी. शंकूची उंची ७ नाही, ४ आहे; ७ घेतली तर उत्तर ३९ पाय येतं, बरोबर उत्तर १८ पाय + १२ पाय = ३० पाय, म्हणजे सुमारे ९४.२ घन सेमी. घनफळांची बेरीज होते. पृष्ठफळांची मात्र सरळ बेरीज होत नाही, जोडावरची दोन्ही वर्तुळं आत दडतात. प्रत्येक गणिताला आधी आकृती, तीवर प्रत्येक भागाची उंची वेगळी लिहिलेली, मग सूत्र. एवढी शिस्त पुरते.

घरच्या हौदावर

इंदूरच्या अनेक वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि अंगणातल्या हौदात साठवलं जातं. मुलाला घनफळाचा हिशेब करायला याहून चांगली जागा नाही. हौद आतून २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल असेल तर ३.६ घनमीटर, म्हणजे ३६०० लिटर. पण पाणी काठापर्यंत भरत नाही. एक मीटरपर्यंतच भरत असेल तर ३००० लिटर. बाहेरून मोजलं तर भिंतींची जाडी हिशेबात शिरते, हे मुलाला दोन्ही मापं घेऊन बघू द्या. खोली मात्र मोठ्या माणसानंच काठी सोडून मोजायची, मुलाला हौदावर वाकू देऊ नये.

मग नळाखाली १५ लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. ४५ सेकंदांत भरली तर मिनिटाला २० लिटर. ३००० लिटरला १५० मिनिटं. मुलानं ही वेळ आधी कागदावर लिहायची आणि पाणी आलं की प्रत्यक्ष ताडायची. फरक पडेल, कारण नळाची धार सुरुवातीला आणि शेवटी सारखी नसते. दर अर्ध्या तासानं बादली पुन्हा लावून धार मोजायला सांगा, आणि प्रत्येक अर्ध्या तासाचे लिटर वेगळे काढून बेरीज करायला लावा.